टेस्ट निगेटिव्ह आली आणि मी निश्चिंत झाले : गरोदरपणाची पहिली लक्षणं आणि पहिले १२ आठवडे

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि ज्यांना हा विषय घरात स्पीकरवर ऐकता येणार नाही त्यांच्यासाठी तर खासच. बोलताना मी दोनदा अडखळले होते, तेवढं इथे नीट केलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहिते, आणि शनिवारी रात्री कपाटात कपड्यांमध्ये बसून हे रेकॉर्ड करते. पण गेल्या दीड वर्षात मी दोनदा गरोदर राहिले. पहिल्यांदा मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा बरंच माहीत होतं. या दोन वेळांमधला फरक म्हणजे आजचा एपिसोड.

मुलग्यांनो, टॅब बंद करू नका. तुमच्यासाठीही यात बरंच आहे.

सुरुवात झाली कॉफी मशीनपासून

गेल्या वर्षीची गोष्ट. हिंजवडीत आमच्या मजल्यावर एक कॉफी मशीन आहे. तीन वर्षं मी रोज तिथे उभी राहायचे. एका सोमवारी तिथे गेले आणि त्या वासाने पोटातून असं काही ढवळून आलं की थेट वॉशरूम गाठलं. मला वाटलं, आदल्या रात्रीची मिसळ बाधली.

मंगळवारी कॅबमध्ये डिझेलचा वास. बुधवारी घरी आल्याआल्या चपला न काढता सोफ्यावर झोपले. गुरुवारी स्टँडअपमध्ये मॅनेजर बोलत होता आणि मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मी मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. कंबर दुखत होती म्हणून पेनकिलरही घेतली.

गरोदर असेन अशी शंका नव्हती का? होती ना. पण दोन-तीन आठवड्यांपूर्वीच मी घरी टेस्ट केली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. विषय संपला होता, माझ्यापुरता.

तिथेच चुकले. टेस्ट खोटं बोलली नव्हती. मी तिला चुकीच्या दिवशी प्रश्न विचारला होता.

दिवस मोजायचे कसे?

मराठीत आपण म्हणतो ना, "तिला दिवस गेलेत." मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण सगळा खेळ दिवसांचाच आहे.

डॉक्टर गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे संबंध आला त्या दिवसापासून नाही, टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासूनही नाही. हे थोडं विचित्र वाटतं, कारण पहिले साधारण दोन आठवडे तुम्ही गरोदर नसताच! पण पाळीची तारीख लक्षात असते, बीज कधी सुटलं ते कळत नाही, म्हणून ही पद्धत. त्यामुळे २८ दिवसांचं चक्र असेल तर पाळी चुकते त्या दिवशी तुम्ही आधीच ४ आठवड्यांच्या गरोदर असता. "अहो डॉक्टर, चार आठवडे कसे, पाळी तर कालच चुकली!" हा प्रश्न मीही विचारलाय.

बाळंतपणाची अंदाजे तारीखही यावरूनच निघते : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे. १ जूनला पाळी आली असेल तर ८ मार्च. एकूण २८० दिवस. (नेमकी त्याच दिवशी डिलिव्हरी फार कमी जणींची होते, त्यामुळे फार जीव लावू नका त्या तारखेला.)

आता माझी चूक बघा. माझं चक्र ३४ दिवसांचं. फोनमधलं ॲप मी नवीनच टाकलं होतं, त्यात सेटिंग २८ वर होतं. ३१व्या दिवशी ॲपने सांगितलं, "पाळी ३ दिवस उशिरा." मी घाबरून टेस्ट केली. पण लांब चक्रात बीज सुटतंच उशिरा, माझं सुटलं असेल विसाव्या दिवसाच्या आसपास. त्यानंतर गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात. आणि टेस्टमध्ये जे दिसतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, गर्भ रुजल्यानंतरच तयार व्हायला लागतं. ३१व्या दिवशी ते लघवीत सापडण्याइतकं नव्हतंच.

आमच्या भाषेत याला फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. टेस्ट केस लिहिताना मी याबद्दल ज्युनियरना लेक्चर देते. स्वतःच्या वेळी विसरले.

लक्षणं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

साधारण कोणत्या गोष्टी जाणवतात ते आधी बघू.

पाळी चुकणे : सगळ्यात भरवशाची खूण, पण ज्यांची पाळी नियमित आहे त्यांच्यासाठीच. पीसीओडी असेल, थायरॉइड असेल, परीक्षेचा किंवा नोकरीचा ताण असेल, वजन एकदम कमी-जास्त झालं असेल तरीही पाळी पुढे जाते.

छाती जड होणे, दुखणे : ब्रा घातली तरी नको वाटतं. पाळीच्या आधी होतं तसंच, पण पाळीच्या वेळी ते उतरतं, इथे उतरत नाही.

थकवा : हा साधा थकवा नसतो. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि अंगातली बॅटरी दुपारी दोनलाच पाच टक्क्यांवर येते. मला सर्वांत आधी हेच जाणवलं होतं.

सारखं लघवीला लागणे : शरीरातलं रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, मूत्रपिंडांना जास्त काम पडतं. मात्र लघवी करताना जळजळ होत असेल तर तो संसर्ग असू शकतो. तो अंगावर काढायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

मळमळ, उलट्या, वास सहन न होणे : ही बहुतेक वेळा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोरात असते आणि १४ ते १६ आठवड्यांत बहुतेकींची उतरते. इंग्रजीत हिला सकाळची मळमळ म्हणतात, पण ती दिवसभरात कधीही होते. माझी संध्याकाळी सहाची ठरलेली वेळ होती, सिनेमात दाखवतात तशी पहाटेची नाही.

हलकं डाग लागणे : पाळीच्या तारखेच्या आसपास एखाद-दुसरा गुलाबी किंवा तपकिरी डाग. अनेकींना ही पाळीच वाटते आणि मग दिवसांचा हिशोब महिन्याने चुकतो.

याशिवाय पोट फुगणे, बद्धकोष्ठता, तोंडाला धातूसारखी चव, कारण नसताना रडू येणे. मी एका लोनच्या जाहिरातीवर रडले होते. लोनच्या!

यातली गंमत, किंवा वैताग म्हणा, हा की पाळीच्या आधीही जवळपास हीच यादी असते. कारण दोन्हीकडे प्रोजेस्टेरॉनच काम करत असतं. त्यामुळे लक्षणांवरून "आहे" असं ठरवता येत नाही आणि "नाही" असंही ठरवता येत नाही. काहींना पहिले तीन महिने काहीच होत नाही आणि सगळं छान असतं. लक्षणं म्हणजे लॉगमधली वॉर्निंग. ती दिसली की तपासायचं, एवढाच तिचा अर्थ.

टेस्ट : कधी, कशी, किती वेळा

किट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, प्रिस्क्रिप्शन लागत नाही. दुकानात मागायला लाज वाटत असेल तर ऑनलाइन मागवा. गावाकडे असाल तर आशाताईंकडे "निश्चय" नावाचं किट सरकारी योजनेतून मोफत मिळतं.

कधी करायची? पाळीची अपेक्षित तारीख उलटल्यावर. तारीख स्वतःच्या चक्राची, ॲपच्या चक्राची नाही. चक्र अनियमित असेल तर संबंध आल्यापासून ३ आठवड्यांनी केलेली टेस्ट बऱ्यापैकी खात्रीची.

कशी करायची? सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभर ती साठलेली असते, पातळ नसते. किटवरची एक्सपायरी बघायची. ड्रॉपरने सांगितलेत तेवढेच थेंब. मग किटवर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे बहुतेक पाच मिनिटांत, वाचायचं. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून परत बघायचं नाही. वाळल्यावर कधीकधी राखाडी रेघ उमटते आणि उगाच छातीत धडधड होते. (हो, मी काढलं होतं कचऱ्यातून.)

वेळेत दिसलेली दुसरी रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची आणि दोन दिवसांनी परत करायची. सुरुवातीला एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे रेघ गडद होत जाते. टेस्ट निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर एका आठवड्याने पुन्हा करा. तरीही कळेना तर डॉक्टर रक्ताची बीटा एचसीजी तपासणी सांगतात.

आणि हो, मीठ, साखर, टूथपेस्ट, शॅम्पू घालून लघवी तपासण्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते सगळे फेकून द्या. फेस येतो तो टूथपेस्टचा. गरोदरपणाशी त्याचा काहीही संबंध नाही.

दोन रेघा आल्या. आता?

मला दोन रेघा दिसल्या त्या ४७व्या दिवशी. पहिली भावना आनंदाची नव्हती, खरं सांगते. पहिली भावना होती, "अरे बापरे, मी मधल्या काळात काय काय गोळ्या खाल्ल्या!"

म्हणून पहिलं काम : सध्या घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी करा आणि डॉक्टरांना दाखवा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर लगेच थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा, कारण त्याने गर्भात गंभीर दोष होऊ शकतात. उलट थायरॉइडची, फिट्सची किंवा डायबेटिसची औषधं मनाने बंद करू नका. ती थांबणंही धोक्याचं असतं, डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देतात. अंगदुखी-तापाला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळून पॅरासिटामॉल घेतात, पण तेही विचारून.

दुसरं काम : फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत बंद होते, म्हणजे अनेकींना कळतं तोपर्यंत तिचं काम उरकत आलेलं असतं. म्हणूनच मूल हवं असं ठरवत असाल तर निदान महिनाभर आधीपासून सुरू करायचं आणि १२ आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचं. डायबेटिस, फिट्स असं काही असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात.

तिसरं काम : नावनोंदणी. खासगी असो वा सरकारी, १२ आठवड्यांच्या आत. सरकारी केंद्रात माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. सुरुवातीला हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही अशा तपासण्या होतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिली सोनोग्राफी साधारण ७ आठवड्यांच्या सुमाराला बरी. पाचव्या आठवड्यात धावत गेलात तर नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत आणि पुढचे दहा दिवस झोप उडते. सोनोग्राफीच्या आधी एका फॉर्मवर सही घेतात, कारण १९९४च्या कायद्याने मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. सही करताना घाबरू नका.

सिगारेट, दारू पूर्ण बंद. चहा-कॉफी बंद करायची गरज नाही, पण कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण दोन कप कॉफी. पपईबद्दल सगळ्यांनी विचारलंय : कच्ची पपई टाळा, तिच्यात चीक असतो. पूर्ण पिकलेल्या पपईची एखादी फोड आधीच खाऊन झाली असेल तर रडत बसू नका.

आणि ज्यांना आत्ता मूल नकोय, त्यांच्यासाठी. भारतात गर्भपात कायदेशीर आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची नाही. लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट सांगितलंय. नाव गुप्त ठेवणंही कायद्यातच आहे. फक्त मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ गर्भनलिकेत असेल तर त्या गोळ्यांनी काम होत नाही आणि जीवावर बेततं.

मळमळ : काय केलं, काय उपयोगी पडलं

आधी थोडं विज्ञान. मळमळ का होते यावर वर्षानुवर्षं "मनाचे खेळ" असं उत्तर मिळायचं. डिसेंबर २०२३ मध्ये "नेचर"मध्ये एक संशोधन आलं. त्यात दिसलं की गर्भ आणि वारेतून येणारं जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक यामागे मोठं कारण आहे, आणि ज्या बायकांना त्याची आधीपासून सवय कमी, त्यांना त्रास जास्त. या कामातल्या संशोधक मार्लेना फेझो यांना स्वतःच्या गरोदरपणात भयंकर उलट्यांचा त्रास झाला होता. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," तर त्यांना सांगा, तुमची सवय वेगळी, माझी वेगळी.

आता घरगुती भाग.

पोट रिकामं राहू द्यायचं नाही, हा पहिला नियम. उशाशी डबा ठेवायचा : कुरमुरे, लाह्या, खाकरा, मारी बिस्किट, जे चालेल ते. डोळे उघडल्यावर दोन घास कोरडे, मग दहा मिनिटांनी उठायचं. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं. जेवताना तांब्याभर पाणी नाही, मधल्या वेळेत घोट घोट.

गरमपेक्षा गार पदार्थाला वास कमी येतो. माझा तो सगळा काळ दहीभात, मऊ भात, काकडी आणि कोकम सरबतावर गेला. आल्याचा तुकडा मिठाला लावून चघळला की बरं वाटायचं. आवळासुपारी प्रत्येक बॅगेत. फोडणीचा वास सगळ्यात वाईट. ते दोन महिने फोडणी नवऱ्याने दिली, स्वयंपाकघराचं दार लावून. मुलग्यांनो, लिहून घ्या : यापेक्षा मोठा आधार नाही. "काय खाशील?" असं दहादा विचारू नका, कारण नावं ऐकूनही मळमळतं. पुढ्यात आणून ठेवा, नको म्हणाली तर गुपचूप उचला.

लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा, ती बहुतेक वेळा थोडी पुढे ढकलता येते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा. ॲसिडमुळे दात मऊ झालेले असतात. आणि घरगुती उपायांनी भागत नसेल तर औषध मागा. डॉक्सिलामीन आणि ब६ जीवनसत्त्व ही जोडी डॉक्टर बरीच वर्षं देत आलेत. "औषध नको, सहन कर" असं म्हणणाऱ्यांना उलट्या होत नसतात.

ऑफिससाठी : कॅबमध्ये पुढची सीट मागून घ्या, बॅगेत दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओले टिश्यू ठेवा, आणि ज्या वेळेला त्रास होतो त्या वेळेच्या मीटिंग हलवा. मी कॅलेंडरवर सहा ते सात "फोकस टाइम" टाकला होता. फोकस बेसिनवरच असायचा, पण कुणी विचारलं नाही.

हे दिसलं तर थांबायचं नाही

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि नवऱ्याला किंवा मैत्रिणीला पाठवा.

- पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर किंवा भोवळ येणं. गर्भ गर्भनलिकेत रुजला असेल तर असं होतं. रक्त कमी दिसलं तरी आतून रक्तस्राव होऊ शकतो. इथे तास मोजायचे नाहीत, लगेच निघायचं.
- पॅड भिजेल इतका रक्तस्राव, गाठी पडणं.
- २४ तास पाणीसुद्धा पोटात न टिकणं, आठ तास लघवी न होणं किंवा ती गडद होणं, वजन झपाट्याने उतरणं.
- ताप, थंडी, घाण वास येणारा स्राव.

१०८वर फोन केला की रुग्णवाहिका येते. १०२ ही गरोदर बायकांसाठीची मोफत सेवा आहे.

थोडे डाग पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला दिसतात, आणि त्यातल्या अनेकींचं सगळं ठीक होतं. पण ते ठीक आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. आपण फोन करायचा.

"तीन महिने कुणाला सांगायचं नाही"

आता जे सांगायला मी खरं तर हा एपिसोड केला.

आपल्याकडे पद्धत आहे : तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. मी दृष्ट वगैरे मानत नाही, पण पाळलं मात्र मीही. पहिल्या वेळी फक्त नवऱ्याला माहीत होतं. सातव्या आठवड्यात आम्ही ठोके बघितले, आणि तो कामासाठी नागपूरला गेला.

आठवा आठवडा संपत आला होता. गुरुवार, रिलीजचा दिवस. दुपारी ऑफिसच्या वॉशरूममध्ये रक्त दिसलं. नंतर गाठी. मी तिथे वीस मिनिटं बसून होते आणि मनात एकच, की आता कुणाला फोन करू? आईला माहीत नाही. सासूबाईंना माहीत नाही. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीलाही माहीत नाही. तिला सांगायचं तर आधी सांगावं लागेल की मी गरोदर होते. मी बाहेर आले, मॅनेजरला "पोट बिघडलंय" असा मेसेज केला आणि एकटी रिक्षाने हॉस्पिटलला गेले.

गर्भपात झाला होता. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण त्या दिवशी मला ते ऐकण्याची फार गरज होती. कळलेल्या गरोदरपणांपैकी दर १००मागे १० ते २० असेच संपतात, आणि बहुतेक १२ आठवड्यांच्या आतच. यातल्या साधारण निम्म्यांमध्ये कारण असतं गर्भाच्या गुणसूत्रांमध्ये योगायोगाने झालेली चूक. जिने चढल्याने, स्कूटरवर बसल्याने, ऑफिसला गेल्याने, भांडल्याने हे होत नाही. मी विचारलं, "आणि ती पेनकिलर?" त्या म्हणाल्या, "नाही गं. ती गोळी नाही, तू नाहीस."

सोमवारी मी कामावर परत गेले. "ताप" म्हणून दोन दिवसांची रजा टाकली होती. नंतर कळलं की कायद्याने गर्भपातानंतर डॉक्टरांचा पुरावा दिला की सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. हे सहा कुणी सांगत नाही, कारण हा विषयच कुणी काढत नाही.

महिन्याभराने सासूबाई आल्या होत्या. मी भाजी निवडत होते आणि एकदम सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाहीस का? ह्याच्या आधी माझंही असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन बसले होते मी. कुणाला सांगणार?" इतकी वर्षं त्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन महिने न सांगण्याचा नियम आहे कारण याच तीन महिन्यांत धोका जास्त असतो. पण धोका जास्त असतो तेव्हाच तर माणसं लागतात ना! मळमळही तेव्हाच, थकवाही तेव्हाच, भीतीही तेव्हाच. पोट दिसायला लागल्यावर बसमध्येही लोक उठून जागा देतात. त्याआधीचं कुणाला दिसत नाही.

मी असं म्हणत नाहीये की स्टेटसला टाका. अजिबात नको. ज्यांच्याशी गोड बातमी शेअर करायचीय, त्यांना तीन महिन्यांनी सांगा, पाच महिन्यांनी सांगा. पण ज्यांना वाईट दिवशी फोन करावासा वाटेल, त्यांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा. दोन माणसं घरातली, एक ऑफिसातलं. बास.

यावेळी

आज मी १६ आठवडे पूर्ण करतेय. यावेळी टेस्ट माझ्या चक्राप्रमाणे ३७व्या दिवशी केली. फॉलिक ॲसिड आधीपासून चालू होतं. दोन रेघा दिसल्या त्या संध्याकाळी चार जणांना कळलं : नवरा, आई, सासूबाई आणि शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण. तिच्या ड्रॉवरमध्ये अजून माझा कुरमुऱ्यांचा डबा आहे.

दहाव्या आठवड्यात एकदा डाग दिसले. पाय लटपटले, पण यावेळी मैत्रीण सोबत आली आणि सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. सोनोग्राफीत सगळं ठीक निघालं. ठीक निघालं नसतं तरीसुद्धा मी रिक्षात एकटी नसते, एवढं नक्की.

कॉफी मशीनजवळून अजूनही नाक दाबूनच जाते.

तर हा एपिसोड अशा एका व्यक्तीला पाठवा जिला याची गरज पडू शकते. तिला नाही, तर तिच्या नवऱ्याला. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या शनिवारी भेटूच. तोवर पाणी प्या, वेळेवर जेवा, आणि आपली ती दोन-तीन माणसं कोण, हे आजच ठरवून ठेवा.